राहीबाईचा गहिनी

मी घरी बसून करायच्या डीएनए चाचणीचा खोका बोलतोय. नाव अवघड, काम सोपं. गालाच्या आत कापसाची काडी फिरवायची, वाळवायची, पाकिटात घालून पाठवायची. मग मी सांगतो, तुमचं रक्ताचं कोण आणि कोण नाही.

सांगतो म्हणजे सांगतोच. माणसाला नको ती गोष्ट कळली तर तो जीभ चावतो, विषय बदलतो, चहा टाकायला उठतो. मला यातलं काही येत नाही. गप्प बसायची सोय माझ्यात कुणी ठेवलीच नाही. मला विचारलं की संपलं.

माझा जन्म एका मोठ्या शेडमध्ये झाला. टोप्या घातलेल्या मुली ओळीनं उभ्या होत्या. एकीनं माझ्या पोटात काड्या ठेवल्या, दुसरीनं पाकिटं, तिसरीनं बारीक अक्षरांचा कागद. शेवटच्या मुलीनं झाकण लावलं. झाकणावर एक कुटुंब छापलंय. आजोबा, आजी, मुलगा, सून, नातवंडं. सगळे हसतायत. त्यांच्यातलं एकही माणूस कमी झालेलं नाही. मला वाटलं, मी अशाच घरांत जाणार.

मी गेलो कोल्हारला, गोरखच्या घरी.

कोल्हारच्या बसस्टँडला लागून ओंकारचं ऑनलाइनचं दुकान आहे. सातबारा, पॅन कार्ड, परीक्षेचे फॉर्म, सगळं तिथं निघतं. गोरक्षनाथ आणि ओंकार आठवीपर्यंत एका बाकावर होते. पुढं गोरखनं शाळा सोडली आणि पेरूचा टेम्पो चालवायला लागला. त्या दुपारी तो दुकानात शिरला तेव्हा त्याच्या डोक्यावर केस नव्हते. मोठ्या भावाच्या दहाव्याला काढलेले, आता कुठं खुंट दिसत होते. मी तिथं नव्हतो, पण माझं चित्र पडद्यावर होतं. आमच्यात तेवढं पुरतं.

"ओंक्या, भाऊ सख्खा हाय का न्हाई, ते कळतं का रं तुझ्या मशीनवर?"

"कुणाचा भाऊ?"

"माझा."

ओंकारचा हात कळफलकावरून उठला. "गोरख्या, येडा झाला का? गहिनीदादाला जाऊन किती दिस झालं? घरी जा, झोप काढ."

"झोप येत असती तर तुझ्या दारात आलो असतो व्हय?"

मग त्यानं सांगितलं. तोंड ओंकारकडे नव्हतं, रस्त्याकडे होतं.

गहिनीनाथ त्याचा थोरला भाऊ. सुप्याला कारखान्यात कामाला, तिथंच खोली घेऊन राहायचा. शनिवारी मोटारसायकलवर घरी यायचा. एका शनिवारी रस्त्यात उसाची ट्रॉली उभी होती. मागं दिवा नव्हता, लाल फडकं नव्हतं. एवढंच.

दहाव्याला प्रवरेच्या काठी पिंड मांडले. कावळे समोर बाभळीवर बसलेले, पण खाली येईनात. मेलेल्याचा जीव कशात तरी अडकला की कावळा शिवत नाही असं म्हणतात. गोरख पुढं झाला. "दादा, आईला सांभाळीन मी," म्हणाला. कावळा हलला नाही. "तुझं नाव माझ्या पोराला ठिवीन." कावळा हलला नाही. "दादा, तुला मारलं हुतं लहानपनी दगडानं, माफ कर." कावळ्यानं पंखात चोच घातली आणि पिसं नीट करत बसला. ऊन चढलं. लोक चुळबूळ करायला लागले. तेव्हा मागून आळीतली भीमाआत्या म्हणाली, "अरे, ज्याचं पोर त्याचा हात लागू द्या की! राहीबाईनं विकत घेतलेला हाय त्यो. बोलवा तिला."

राहीबाई नदीकडच्या वस्तीवर राहते. शेळ्या राखते. ती कडेला उभीच होती. पुढं आली, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले आणि तोंडातल्या तोंडात काही पुटपुटली. कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

"सख्खा भाऊ घसा फोडून मरत हुता तवा कावळा न्हाई आला," गोरख म्हणाला. "तिनं नुसतं ओठ हलवलं आन आला."

"अरे, योगायोग असतोय."

"आन आई? आई खाली बघत बसली. न्हाई म्हनायचं ना भीमाआत्याला! एका शब्दानं म्हनायचं, माझा हाय म्हून. न्हाई म्हनली." त्यानं नाक पुसलं. "ओंक्या, ती त्याला हाक कशी मारायची ठाव हाय ना तुला?"

ओंकारला ठाऊक होतं. सगळ्या आळीला ठाऊक होतं. गोरखची आई विमलबाई थोरल्याला 'राहीचा' म्हणायची. "ए राहीच्या, जेवायला ये." "राहीच्याला पाणी तापवलंय." दिवाळीचं पहिलं कापड त्याला राहीबाईच्या हातनं यायचं. गोरखला ते लाडाचं वाटायचं. त्याला स्वतःला आई 'माझं गोरखं' म्हणायची, सतरांदा म्हणायची, त्यामुळे त्याला कधी विचार करावा लागला नव्हता. आता तो मागचं एकेक काढून बघत होता आणि प्रत्येकाला वेगळाच वास येत होता.

ओंकारनं पडदा त्याच्याकडे फिरवला. "हे बघ. यात लई प्रकार हायेत. हे एक सांगतं, तुमचं खानदान मूळ कुठलं. इतके टक्के इकडलं, इतके टक्के तिकडलं."

"मी कोल्हारातला हाय. ते टक्के काय चाटायचेत?"

"हे दुसरं बापाच्या अंगानं जातं. बाप, आजा, पणजा, त्याच्या मागं."

"आज्याला घेऊन काय करू? आईचं सांग."

"मग आईच्याच गालाची काडी घेऊ की. एका दमात कळंल."

"आन आईला काय सांगू? तोंड उघड, तू आई हायेस का बघायचंय?"

ओंकारला हसू आलं आणि लगेच विझलं. त्यानं आणखी खाली सरकवलं. "हे तिसरं. दोन भावांचं लावून बघतंय. पन दोघांची थुंकी लागती. नळी भरून."

गोरख पडद्यावरच्या नळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मेलेल्याची कुठनं आनू?"

दुकानात एक बाई झेरॉक्सला आली होती, तिनं मान वर केली. ओंकारनं तिचे कागद आधी काढून दिले. ती गेल्यावर पुन्हा शोधायला बसला. असे खोके बरेच निघाले, पण सगळ्यांना जिवंत माणूस पाहिजे होता. शेवटी माझं चित्र आलं. खाली लिहिलं होतं, वापरलेला ब्रश चालेल.

"ब्रश हाय," गोरख म्हणाला. "सुप्याच्या खोलीतनं सामानाचं पोतं आलं. कपडे आईनं वाटून टाकले. ब्रश मी काढून ठिवलाय." त्यानं शर्टाच्या खिशावर हात ठेवला. तो तिथंच होता.

"थांब. नीट वाच आधी. एकदा पाठवलं की माघारी येत न्हाई. आन जे येईल ते येईल, मग मला शिव्या देऊ नगंस."

"दाब."

"गोरख्या, नसला सख्खा तर?"

"नसला तर नसला."

"न्हाई, तू काय करशील?"

त्यानं हात लांब करून स्वतःच बटण दाबलं. मला निवडलं गेलं ते असं. दुसरा खोका असता, तो जमत नाही म्हणाला असता. गोष्ट तिथंच थांबली असती.

मी आलो त्या दिवशी गोरख टेम्पोवर होता. कुरियरवाल्याकडून मला विमलबाईनं घेतलं. तिचे हात खरखरीत होते, पेरूच्या डिंकानं काळे पडलेले. तिनं मला कानापाशी धरून हलवलं. आत काड्या वाजल्या. तिनं मला पटकन खाली ठेवलं आणि हात पदराला पुसले. का पुसले, कुणास ठाऊक. मी स्वच्छ होतो.

"काय मागवलंस रं?" गोरख आल्यावर तिनं विचारलं.

"मोबाईलचं कव्हर."

"एवढं मोठं?"

"पुठ्ठाच मोठा असतोय, आई."

तिनं झाकणावरच्या कुटुंबाकडे बघितलं. एकेकावर बोट ठेवलं. ती मोजत होती की काय, असं मला वाटलं. "भरलं घर हाय," म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

दुसऱ्या दिवशी ती बागेत गेल्यावर त्यानं मला गोठ्यात नेलं. म्हैस रवंथ करत आमच्याकडे बघत होती. त्यानं तोंड धुतलं, अर्धा तास तंबाखूला हात लावला नाही, माझ्या कागदावरच्या चित्रांबरहुकूम काडी गालात फिरवली. त्याची काडी वाळत ठेवली. मग खिशातून ब्रश काढला.

निळा ब्रश. एका बाजूचे केस झिजलेले, कारण गहिनी जोर लावून दात घासायचा. गोरखनं तो नाकाला लावला. मग अंगठ्यानं केस मागंपुढं करत बसला. त्या घरात गहिनीच्या अंगाला लागलेलं एवढंच उरलं होतं आणि मी ते मागत होतो. मला नको म्हणता येत असतं तर मी म्हटलं असतं.

माझ्याबरोबर एक फॉर्म होता. ज्याचा नमुना तो हयात नसेल तर जवळच्या माणसानं संमती द्यायची आणि नातं लिहायचं. फॉर्म इंग्रजीत होता, ओंकारनं फोनवर रकाने सांगितले.

"नातं काय लिहू?" गोरखनं विचारलं.

तेच तर विचारायला तो बसला होता. त्यानं मराठीतच 'सख्खा भाऊ' लिहिलं, इतकं जोरात की कागद फाटायला आला. मग ब्रश पाकिटात टाकला आणि जिभेनं पाकीट ओलं करून चिकटवलं.

त्या दिवशी माझे दोन भाग झाले. एक पाकिटातून लांबच्या शहरात गेला. तिथं हातमोजे घातलेल्या माणसानं ब्रशचे केस कापून बाटलीत टाकले, बाटली यंत्रात ठेवली. त्याला गहिनी माहीत नव्हता. दुसरा भाग, म्हणजे हा रिकामा खोका, घरात फळीवर राहिला. एकीकडे उत्तर तयार होत होतं, दुसरीकडे मी बघत होतो, ते कुणाच्या डोक्यावर पडणार आहे.

थांबणं गोरखच्या स्वभावात नाही. उत्तर यायच्या आधीच एका सकाळी त्यानं मला काखेत मारलं आणि राहीबाईची वस्ती गाठली. ती शेळीच्या पायातला काटा काढत होती.

"ये, गोरक्षा. बस. चहा टाकते."

"चहाला न्हाई आलो, राहीमावशी. दादा कुणाचा हुता?"

तिनं काटा काढला, शेळीला सोडलं. "माझा," म्हणाली. "आता काय नवीन इचारतोस? समद्या गावाला ठाव हाय."

"तू जन्म दिला?"

"मी इकत घेतला. माझा हाय."

"कुणाकडनं घेतला? बोल की! कुणी इकला?"

म्हातारीनं त्याच्याकडे असं बघितलं की तो अर्धं पाऊल मागं सरला. "आवाज खाली घे," ती म्हणाली. "असं इचारायचं नसतं. तुझ्या आईनं शिकवलं न्हाई तुला?"

त्यानं मला पुढं केलं. "नका सांगू. यातनं कळनार हाय समदं. त्याचा ब्रश पाठवलाय मी. रक्तात लिहिलेलं असतंय, तुमी दोघी किती बी लपवा."

राहीबाईनं मला हातात घेतलं. झाकण उघडून आत बघितलं. आत काही नव्हतं. तरी तिनं झाकण पटकन लावलं. "कुनाला कळंल?" तिनं विचारलं.

"मला. ओंक्याला. समद्यांना कळंल, लपवतोय कोन?"

"माघारी बोलव ते."

"का?"

"बोलव म्हनते ना! पाया पडू का तुझ्या? जे झाकलंय ते ऱ्हाऊ दे झाकलेलं. एक गेलाय, बास झालं की."

"एक गेलाय म्हंजी?"

तिनं मला त्याच्या हातात कोंबलं आणि शेळ्या हाकत निघून गेली. वळून बघितलं नाही. गोरखला वाटलं, चोर सापडला. मला वाटलं, ही म्हातारी चोर दिसत नाही, राखण करणारी दिसते. पण माझं कोण ऐकतं?

उत्तर आलं ते एका दुपारी. ओंकारनं फोन केला नाही, दुकान बंद करून स्वतः आला. विमलबाई ओसरीवर पेरू निवडत बसली होती, बारीक एका पाटीत, मोठे दुसऱ्या पाटीत. ओंकारला बघून ती म्हणाली, "ये रं. पेरू घे." तो उभाच राहिला. गोरख आतून आला आणि त्याचं तोंड बघूनच त्यानं चौकटीला हात लावला.

"सख्खा हाय," ओंकार म्हणाला. "आई एक, बाप एक. शंकाच न्हाई म्हनं. पक्का सख्खा."

गोरख आधी खाली बसला. मग उठला. मग त्याला काय झालं कुणास ठाऊक, तो धावत अंगणात गेला आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असा ओरडला, "ऐका रं! भीमाआत्ये, ऐक! गहिनी माझा सख्खा हाय! ह्याच आईचा! आमी दोघं बी हिच्याच पोटचे!"

शेजारची दारं उघडली. कुणीतरी भिंतीवरून डोकावलं. विमलबाईच्या हातातला पेरू सुटला आणि पायरीवरून गडगडत गेला. ती उठली, अंगणात गेली आणि आपला चिकट हात तिनं पोराच्या तोंडावर दाबला. त्याला ओढत घरात आणलं. दार लावलं. ओंकार बाहेरच राहिला.

"काय केलंस रं?" ती म्हणाली. "काय केलंस?"

"खरं बोललो! जलमभर त्याला राहीचा म्हनलीस. त्याला काय वाटत असंल, आई? मला माझं गोरखं, आन त्याला? चितेजवळ तरी म्हनायचं! कावळा येत नव्हता तवा तरी!"

ती जमिनीवर बसली. फळीखालीच बसली, म्हणून मला तिचा प्रत्येक शब्द ऐकू आला.

"त्याच्या आधी दोन गेली माझी," ती म्हणाली. "एक बारशाच्या आधी. एक रांगत हुतं. मग ह्यो झाला. तुझ्या आजीनं टोपल्यात घालून उकिरड्यावर ठिवला. राहीबाई आली, सूपभर कोंडा दिला आन उचलून घेतला. मग मला म्हनली, माझं पोर हाय, तू दूध पाज, तू सांभाळ. तसं करायचे पहिलं. जो पोरं न्यायला येतो त्याला फशिवायचं. विमलच्या घरात पोर न्हाई, कोंड्यावर घेतलेलं दुसरीचं हाय. मग तो माघारी जातो."

"म्हंजी नुसतं बोलायचं?"

"नुसतं म्हनू नगंस. मी पाजताना बी माझा म्हनले न्हाई. ताप आला तरी न्हाई. लई वाटायचं. दात दाबून धरायची. सांभाळनारी झाले मी त्याची. म्हून तर एवढा वाढला. त्याची आड हुती म्हून तुला माझं म्हनता आलं."

गोरखचा आवाज खाली आला. "मग गेला कसा, आई? तू तर कधीच म्हनली न्हाई."

विमलबाई बराच वेळ जमिनीवर बोट फिरवत राहिली.

"एकदा म्हनले," ती म्हणाली. "आदल्या दिवशी. सोयरिकीचे पाव्हणे आलते. तू टेम्पोवर हुतास. त्या बाईनं इचारलं, थोरला राहीबाईचा म्हनत्यात, खरं काय हाय? लगीन मोडंल वाटलं मला. मी म्हनले, माझा हाय वो, माझ्या पोटचा." तिनं पदरानं तोंड पुसलं. "लई बरं वाटलं म्हनताना. दुसऱ्या दिवशी शनिवार हुता."

गोरख उभा होता आणि मी त्याचा चेहरा बघत होतो. आपण अंगणात काय ओरडलो ते त्याला हळूहळू आठवत गेलं. 'आमी दोघं बी' इथपर्यंत तो पोचला तेव्हा आईची नजर त्याच्यावर होती. कापायला चाललेल्या जनावराकडे बघावं, तशी ती त्याच्याकडे बघत होती.

तुम्ही शिकलेले असाल तर म्हणाल, ट्रॉलीला दिवा नव्हता म्हणून मेला. मीही तेच म्हणेन. मी विज्ञानाच्या घरात जन्मलोय. पण त्या खोलीत ते म्हणायची माझी छाती झाली नसती. गोरखची तर झालीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याला राहीबाईकडे घेऊन गेली. मलाही घेतलं, कारण ही पीडा माझ्यापासून सुरू झाली होती आणि मी घरापासून लांब असलेला बरा, असं तिला वाटलं. एवढा बाप्या गडी, मिशी फुटलेला, टेम्पोचा परवाना असलेला. तो उकिरड्याच्या कडेला मुकाट बसला. भीमाआत्याही आली होती. कुणी हसलं नाही.

राहीबाई आता कोंडा ठेवत नव्हती. गिरणीतून मागून आणला होता. सूप तिनं विमलबाईच्या ओटीत रिकामं केलं.

"घेतला," ती म्हणाली.

"दिला," विमलबाई म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. कोंडा ओच्यात घट्ट धरून ती घरी निघाली, एकटी. गोरख उठून तिच्या मागं जायला लागला तसा राहीबाईनं त्याचा दंड धरला. "आसं न्हाई जायचं," ती म्हणाली. "मी सांगंन तवा. माझं पोर म्हून जायचं."

माझ्या झाकणावरच्या लोकांकडे बघून राहीबाईनं मला उलटं करून ठेवलं होतं. पण संध्याकाळी गोरखनं मला परत उचललं. का, त्यानं सांगितलं नाही. भावाचा ब्रश माझ्यातून गेला होता, म्हणून असेल.

आता मी पुन्हा त्याच फळीवर आहे. एक कोपरा उंदरानं कुरतडलाय, चिकटपट्टी पिवळी पडलीय. ओंकार एकदा येऊन गेला. म्हणाला, "ते खातं बंद करता येतं, गोरख्या. तिकडची माहिती पुसत्यात ते."

"आन आळीनं ऐकलं ते?" गोरखनं विचारलं. ओंकारनं पेरू उचलला, खाल्ला नाही.

गोरख दिवसभर टेम्पोवर असतो. संध्याकाळी गाडी लावतो, चप्पल काढतो आणि उंबऱ्याच्या बाहेर उभा राहतो. विमलबाई चुलीपासून उठते, दारात येते. अंधारात कुणी ऐकत असेल तर त्याला नीट ऐकू जावं अशा आवाजात विचारते, "कोन पाहिजे?"

"पानी मिळंल का, मावशी?" तो म्हणतो.

"कुनाचा तू?"

"राहीबाईचा."

ती त्याला तांब्या देते. मग जेवायला वाढते, पुन्हा पुन्हा वाढते, पण त्याच्याकडे बघत नाही. पहिल्या दिवशी हे म्हणताना त्याची मान खाली होती. आता तो वर बघून म्हणतो, स्पष्ट म्हणतो. मावशी म्हटलं की तिचे खांदे जरा खाली येतात, हे त्याला दिसलंय. सख्खा भाऊ त्याला मिळाला. आई त्यानं स्वतःच्या हातानं बाजूला ठेवली, तिचा घोर जावा म्हणून. ती झोपावी म्हणून.

परवा दुपारी तो बाहेर असताना तिनं मला खाली काढलं. बाहेर जाऊन रस्ता बघून आली, दाराला कडी घातली. झाकण उघडून तोंड माझ्या आत घातलं, इतकं आत की तिचा श्वास माझ्या पुठ्ठ्याला ओला लागला.

"माझा गहिनी," ती म्हणाली. "माझा. माझा."

मग तिनं पुन्हा तोंड उघडलं. दुसरं नाव तिच्या जिभेवर आलेलं मला दिसलं. तिनं ओठ मिटले, झाकण दाबून लावलं, वरून आणखी तळहातानं दाबलं आणि मला फळीवर अगदी मागं सरकवलं.

मला गप्प बसता येत नाही हे सुरुवातीलाच सांगितलं. म्हणून तुम्हाला सगळं सांगून बसलो. आता तुमच्यावर आहे. कधी माझ्यासारखा खोका निवडायला बसलात तर बटण दाबण्याआधी घरातल्या एखाद्या म्हातारीजवळ जाऊन बसा. ती विषय टाळत असेल तर ती काय राखतेय ते आधी बघा. आणि आत्ता एवढं करा. हे वाचलंत ते मनातल्या मनात ठेवा. घरात कुणाला वाचून दाखवायचं झालं तर त्या पोराचं नाव आणि त्याच्या आईचं नाव एका दमात, मोठ्यानं घेऊ नका. तो टेम्पो घेऊन अजून रस्त्यावर आहे.